श्नाबेलच्या बीथोव्हेनमध्ये चुकलेले सूर तसेच का ठेवलेत? (आणि देवळालीच्या खोक्यातल्या रेकॉर्ड्सचं काय करू?)

गोदाकाठची_आई

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, आधीच सॉरी म्हणून ठेवते. मी स्वतः संगीतातली नाही, लहानपणी तीन वर्षं पेटी शिकले, भूप, दुर्गा आणि काफी एवढ्यावर गाडी थांबली. मुलगी मात्र पियानोच्या मागे लागलीये, चौदा वर्षांची आहे, कॉलेज रोडला क्लासला जाते, यंदा सहावी ग्रेड आहे. तिच्या सरांनी सांगितलं की बीथोव्हेन वाजवायचाय ना, मग आधी आर्टुर श्नाबेल ऐक, बीथोव्हेनच्या बत्तीसच्या बत्तीस सोनाटा (पियानोवर एकट्याने वाजवायच्या मोठ्या रचना) रेकॉर्ड करणारा पहिला माणूस, १९३२ चं रेकॉर्डिंग आहे, नेटवर मिळेल.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर लावलं. पहिली दहा सेकंद मला वाटलं शेजारच्या काकू पापड तळतायत. मग पियानो सुरू झाला. हॅमरक्लाव्हिअर म्हणून जी सोनाटा आहे ती होती आणि काय तो वेग, कसाऱ्याच्या घाटातून रिकामा ट्रक उतरावा तसा. मुलगी नोटेशनचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. मिनिटभरात ओरडली, "आई, हा चुकला!" मी म्हटलं अगं गप, एवढा मोठा माणूस. तर तिने मागे घेऊन परत ऐकवलं, बोट ठेवून दाखवलं, आणि पुढे अजून दोनतीन ठिकाणी. इतकी खूश झाली की काय सांगू, आता घरात प्रॅक्टिसला काही बोललं की "श्नाबेल पण चुकतो" हे उत्तर तयार.

तर माझे प्रश्न. एक, कंपनीने हे असंच कसं बाजारात आणलं, दुरुस्त का नाही केलं? दोन, दर चारेक मिनिटांनी आवाजाचा पोतच बदलतो, खरखर वेगळी होते, ते काय आहे? आणि तीन, ह्याचा थेट संबंध नाही पण विचारते, सासऱ्यांनी खूप वर्षांपूर्वी देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याचं सामान निघालं तेव्हा रेकॉर्ड्सचं एक खोकं घेतलं होतं, ते माळ्यावर होतं. काल काढलं. वीसेक आहेत, जड, काळ्या, काहींना लाल लेबल आणि कुत्र्याचं चित्र. बुरशी होती म्हणून एक मी सॅनिटायझरने पुसली तर तिची चमकच गेली, पांढुरकी झाली. बाकीच्या कशाने पुसू?

जुनी_तबकडी

ताई बाकी सगळं नंतर, आधी ते सॅनिटायझर खाली ठेवा!! ह्या रेकॉर्ड्स प्लास्टिकच्या नाहीत, लाखेच्या आहेत. सुतार फर्निचरला पॉलिश कसं करतो आठवा, चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवतो ना? तेच तुम्ही रेकॉर्डवर केलंत, सॅनिटायझर म्हणजे बहुतांश स्पिरिटच. ती एक गेली समजा. बाकीच्यांना साधं स्वच्छ पाणी, शक्य असेल तर डिस्टिल्ड, त्यात भांड्यांच्या साबणाचा अगदी एक थेंब, मऊ ब्रश, आणि ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा नाही. लेबलला पाणी लावू नका. पुसून उभ्या ठेवून वाळवा, उन्हात अजिबात नको, वाकड्या होतात.

आता ते पापड. त्या लाखेत दगडाची बारीक भुकटी मुद्दाम मिसळलेली असायची. कारण ग्रामोफोनची स्टीलची सुई नवी असते तेव्हा खाचेत नीट बसत नाही, ती भुकटी सुईचं टोक पहिल्या काही चकरांत घासून खाचेच्या मापाचं करते. म्हणजे सुई झिजावी अशीच सोय होती, आणि म्हणून प्रत्येक बाजूला सुई नवी लावायची. त्या भुकटीचाच आवाज म्हणजे तुमच्या काकूंचे पापड. (आणि ती लाख बरीचशी आपल्याच देशातून जायची, लंडनमध्ये जर्मन संगीत वाजायचं ते छोटा नागपूरच्या जंगलातल्या किड्यांच्या जिवावर, ह्यावर कोणी लिहीत नाही.)

चार मिनिटांचं कारण पण त्या तबकडीतच आहे. बारा इंची रेकॉर्ड मिनिटाला ७८ वेळा फिरते, एका बाजूला चार, फार तर साडेचार मिनिटं मावतात. श्नाबेलच्या सगळ्या सोनाटा मिळून साधारण दहा तासांचा ऐवज आहे, हिशोब करा, दीडशेच्या वर बाजू होतात. तुम्ही नेटवर जे ऐकलंत ते कोणीतरी ह्या बाजू एकापुढे एक जोडलेल्या आहेत. बाजू बदलली की खरखर बदलते, कधी पियानो किंचित लांब गेल्यासारखा वाटतो. आणि त्या माणसाचा विचार करा, हॅमरक्लाव्हिअरचा संथ भाग तो जवळजवळ अठरा मिनिटं वाजवतो, तो तुकड्यातुकड्यांत, मध्ये थांबून, नवीन मेण लागेपर्यंत वाट बघत, आणि परत त्याच तंद्रीतून उचलायचं.

हो, मेण. दुरुस्त का नाही केलं ह्याचं उत्तर मेणात आहे. त्या काळी टेप नव्हती. जाड मेणाची गुळगुळीत तबकडी, आधी कोमट करून घेतलेली, ती फिरवायची, आणि फिरवायची सुद्धा विजेच्या मोटरने नाही तर वजन सोडून, भिंतीवरच्या जुन्या घड्याळात असतं तसं, कारण त्याची गती स्थिर. माइकमधून आलेला आवाज एक हिऱ्यासारखी धारदार सुई त्या मेणात कोरत जाणार. तीन मिनिटं पन्नास सेकंदांनी चुकलात तर मागे जाऊन तेवढंच नीट करायची सोय नाही, पहिल्यापासून, नवीन मेण. आणि गंमत म्हणजे वाजवून झाल्यावर कसं झालं ते ऐकायचं म्हटलं तर ते मेण खराब होतं, त्यावरून मग रेकॉर्ड काढता येत नाही. म्हणजे ठेवायची असेल ती ऐकायची नाही आणि ऐकली ती ठेवता येत नाही!! मेणावर धातूचा मुलामा चढवून साचे बनवायचे, त्यावरून नमुन्याची रेकॉर्ड निघायची आणि ती वाजवणाऱ्याच्या हातात पडेपर्यंत तो दुसऱ्या गावाला कार्यक्रमाला गेलेला. प्रत्येक बाजूचे दोनतीन टेक घेऊन ठेवत आणि त्यातला बरा निवडत. बरा म्हणजे कमी वाईट असंही कधीकधी.

एक दुरुस्ती, रेकॉर्डिंग १९३२ च्या जानेवारीत सुरू झालं हे बरोबर पण तुम्ही ऐकलीत ती हॅमरक्लाव्हिअर १९३५ च्या नोव्हेंबरातली आहे. सगळं लंडनला अ‍ॅबी रोडच्या तीन नंबरच्या छोट्या स्टुडिओत. स्टुडिओ तेव्हा कोराच होता, १९३१ च्या नोव्हेंबरात एल्गार ह्या इंग्रज संगीतकाराच्या हस्ते सुरू झालेला.

पंचवटीतला_तबलजी

वा, आज बऱ्याच दिवसांनी इथे कामाचं काहीतरी वाचायला मिळालं.

ताई तुम्ही पेटी शिकलाय तर एक गोष्ट लगेच कळेल. गाणाऱ्याचा आवाज मुळात हलता असतो, मींड, आंदोलन, गमक, त्यामुळे तबकडी थोडी डगमगत फिरली तरी कानाला खपून जातं. पियानोचा सूर एकदा वाजला की सरळ रेषेत विझत जातो, तबकडी जरा जरी हलली तर तो सूर दारू प्यायल्यासारखा वाटतो. म्हणून सुरुवातीच्या काळात गाणाऱ्यांच्या रेकॉर्ड्स धडाधड निघाल्या आणि पियानोवाले मागे राहिले.

आणि श्नाबेलच्या वेळी निदान माइक तरी होता. विजेचं रेकॉर्डिंग १९२५ ला आलं, त्याआधी नुसता भोंगा. भोंग्याच्या तोंडाशी जाऊन वाजवायचं, भोंग्याच्या दुसऱ्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई, सुई मेणावर. आवाजाच्या जोरावर सुई हलणार, बास. हळू वाजवलं तर मेणावर उमटतच नाही, फार जोरात ठोकलं तर सुई उडते. पियानो लाकडी चौथऱ्यावर चढवायचे, झाकणं काढून टाकायचे. खालचे खर्ज सूर आणि वरची चमक तर यायचीच नाही, मधलाच पट्टा. बुसोनी म्हणून एक इटालियन होता, त्या काळचा फार मोठा पियानोवादक, त्याने १९१९ ला लंडनला रेकॉर्डिंग केलं आणि बायकोला पत्रात रडगाणं लिहिलंय. फाउस्टचा वॉल्ट्झ, चांगला दहा मिनिटांचा तुकडा, कंपनी म्हणाली चार मिनिटांत बसवा. तिथल्या तिथे कापाकापी, ठिगळं, शिवाय हा सूर जोरात, तो हळू, पेडल जपून, आणि ह्या सगळ्यात एकही चूक नाही करायची. गाणं सुचणार कधी? त्याआधी १९०९ ला बाखहाउसने ग्रीगचा अख्खा काँचेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदाची मोठी रचना) दोन बाजूंत बसवला होता, म्हणजे अर्ध्या तासाचं पुरण पुरीत नाही तर पेढ्यात भरायचं.

हे आपल्याला नवीन नाहीये. तासाभराचा ख्याल तीन मिनिटांत. रेकॉर्ड कंपनीच्या ज्या फ्रेड गैसबर्गने श्नाबेलला रेकॉर्डिंगला पटवलं ना, तोच माणूस १९०२ ला कलकत्त्यात येऊन गौहर जानचं गाणं घेऊन गेला होता! ती शेवटी "माय नेम इज गौहर जान" म्हणते ते माहीतच असेल, मेणं जर्मनीला जायची रेकॉर्ड काढायला, तिथल्या लोकांना कळावं कोणाचं गाणं आहे. एकच माणूस, तीस वर्षांच्या अंतराने, एकीकडे गौहर आणि दुसरीकडे बीथोव्हेन. मला हे फार भारी वाटतं.

बापूराव पलुस्कर तर आपल्या पंचवटीतच वाढले, वडील विष्णु दिगंबरांच्या आश्रमात. त्यांच्या त्या तीनसाडेतीन मिनिटांच्या रेकॉर्ड्स ऐका, कुठेही घाई नाही, आलाप, बंदिश, ताना, सगळं जागच्या जागी, जणू राग तेवढाच होता. ही वेगळी विद्या आहे, ती सगळ्या मोठ्या गवयांना होती असं नाही. आणि काहींच्या बाबतीत तर तेही नाही, भास्करबुवा बखले १९२२ ला गेले, एक रेकॉर्ड नाही मागे. चुकलेला सूर असलेली का होईना, असती तर आज आपण काय दिलं असतं.

उपनगरचा_पियानोवाला

वरच्या दोघांचं सगळं बरोबर आहे पण एक मुद्दा निसटतोय, माफ करा जरा उलट बोलतो. सगळं मेणावर ढकलू नका. त्याच मेणावर रखमानिनोफ ह्या रशियन पियानोवादकाने रेकॉर्डिंग केलंय, ऐका, सुईच्या टोकावर मोहरी ठेवावी इतकं नेमकं. तो टेक पसंत नसेल तर बाजारात जाऊ द्यायचा नाही. १९१९ ला एडिसनच्या कंपनीने त्याला न विचारता नापसंत टेकसुद्धा विकायला काढले तर गडी चिडून दुसऱ्या कंपनीत गेला. म्हणजे नीट वाजवणं शक्य होतं, फक्त सगळ्यांना नाही.

श्नाबेल बोटांचा राजा नव्हताच. त्याचे गुरू लेशेटिट्स्की त्याला लहानपणी म्हणायचे म्हणे की तू पियानोवाला होणार नाहीस, तू संगीतकार आहेस. कौतुक होतं की टोमणा, ज्याने त्याने ठरवावं.

पण हॅमरक्लाव्हिअरच्या बाबतीत मी त्याच्या बाजूने आहे. बीथोव्हेनने स्वतः मेट्रोनोमचा (वेगाचे ठोके देणाऱ्या यंत्राचा) आकडा लिहून ठेवलाय, हाफ नोटला मिनिटाला १३८ ठोके. बहुतेक लोक म्हणतात आकडा चुकला असणार, मेट्रोनोम बिघडला असणार, आणि आरामात वाजवतात. ह्या माणसाने तो आकडा खरा धरला आणि १९३५ साली, कापाजोडी नाही अशा काळात, मेणासमोर त्या वेगाने उडी मारली. जरा हळू घेतलं असतं तर सगळे सूर सापडले असते आणि आज तुमची मुलगी ते अर्ध्यात बंद करून रील्स बघत बसली असती. चुका आहेत, त्या चुकाच आहेत, त्यांना दैवी वगैरे म्हणायची गरज नाही, पण त्या कुठे आहेत बघा, जिथे उतार सगळ्यात तीव्र आहे तिथेच.

तुमच्या मुलीला मात्र हे सांगू नका, सहाव्या ग्रेडला परीक्षक मार्क कापतो.

हो आणि एक. श्नाबेलने त्याआधी पियानो रोल केले होते, १९०५ पासून. कागदाच्या गुंडाळीवर भोकं पडायची, ती यंत्रात घातली की पियानो आपोआप वाजायचा. त्यात चुकीचं भोक चिकटपट्टीने बुजवता यायचं आणि हवं तिथे नवीन पाडता यायचं! म्हणजे एडिटिंग त्याला माहीत होतं. रेकॉर्डला मात्र वयाच्या पन्नाशीपर्यंत नाही नाही म्हणत राहिला.

इडलीसांबार_४२२

आमच्या पेटीच्या बाई असत्या तर श्नाबेलच्या हातावर पट्टी बसली असती, १३८ ला.

गोदाकाठची_आई

अहो काय सुंदर उत्तरं, सगळ्यांचे आभार. सॅनिटायझरवाली रेकॉर्ड पाहून सासरे काही बोलले नाहीत पण चहा घेतला नाही.

@उपनगरचा पियानोवाला, उशीर झाला, तिने तुमचं उत्तर माझ्या खांद्यावरून वाचलं. आता "उतार तीव्र आहे" हे नवीन कारण.

मला एक कळलं नाही, तो पन्नाशीपर्यंत नाही म्हणत होता तर मग हो का म्हणाला? आणि बत्तीसच्या बत्तीस? कंपनीला तरी काय परवडत होतं? त्या काळात मंदी होती ना?

जुनी_तबकडी

मंदी होती म्हणूनच! १९३१ ला एचएमव्ही आणि कोलंबिया ह्या एकमेकींच्या पक्क्या वैरी, त्या एकत्र येऊन ईएमआय झाली, कारण रेकॉर्ड विकलीच जात नव्हती. तिथे वॉल्टर लेग नावाचा एक तरुण होता, त्याने डोकं चालवलं. आपल्याकडे मराठी पुस्तकांना प्रकाशनपूर्व सवलत असते बघा, आधी पैसे भरा, पुरेशी नावं आली की पुस्तक निघणार. अगदी तेच. सोसायटी काढायची, सभासदांनी आधी पैसे भरायचे, मग रेकॉर्डिंग. आधी ह्यूगो वोल्फच्या गाण्यांवर करून पाहिलं, जमलं, मग बीथोव्हेन सोनाटा सोसायटी. आणि पहिल्या संचात काय दिलं असेल? मूनलाइट नाही, अपासिओनाता नाही, म्हणजे सगळ्यांना माहीत असलेल्या सोनाटा नाहीतच. ओपस (रचनेचा क्रमांक) ७८, ९० आणि १११! म्हणजे पुस्तक योजनेत पहिल्याच खंडात ज्ञानेश्वरीचा अठरावा अध्याय दिल्यासारखं. आणि लोकांनी घेतलं.

श्नाबेलचं म्हणाल तर त्याचा आक्षेप नुसता यंत्रावर नव्हता. ऐकणारा त्या वेळी काय करत असेल, कसा बसला असेल, ह्यावर आपला ताबा नाही हे त्याला खटकायचं. (तुम्ही जेवण झाल्यावर ऐकलंत, पापडासकट.) कार्यक्रमात दोन अडीच तास लोक गप्प बसतात, तिथे त्याचं राज्य. बर्लिनला १९२७ मध्ये, बीथोव्हेनच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, त्याने सात रविवारांत बत्तीसही सोनाटा वाजवल्या होत्या. तेव्हा त्याची बोटं त्या संगीतात मुरलेली होती. गैसबर्ग त्याच्या मागे लागून राहिला, सगळ्या सोनाटा आणि काँचेर्टो घेऊ, पैशाची हमी देऊ. शेवटी मानला. पण त्याला ते सगळं छळच वाटलं, त्याने स्वतः तसं सांगून ठेवलंय, चार मिनिटांची बाजू, दिवा लागला की सुरू, एवढ्यातेवढ्याने मेण वाया, पुन्हा, पुन्हा. आणि सलग पण नाही, दौऱ्यांच्या मधल्या वेळात लंडनला यायचा तेव्हा. त्यातच १९३३ आलं, हिटलर आला, ज्यू माणूस, बर्लिन सोडावं लागलं. म्हणजे निम्मं काम घर सुटलेल्या माणसाने केलंय. मी ते ऐकताना दरवेळी हा विचार करतो असं नाही, पण कधीकधी ओपस १११ च्या शेवटाला येतो.

खोक्यात अजून काय आहे ते सांगा ना. लेबलवर आकडा असतो, डीबी किंवा डीए ने सुरू होणारा, डीबी म्हणजे बारा इंची लाल, डीए म्हणजे दहा इंची लाल. आणि लेबलच्या कडेला जिथे खाचा संपतात त्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेले आकडे असतील, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा.

सराफबाजारकर

ते कोरलेले आकडे किती कामाचे असतात हे माझ्याकडून ऐका. २०१६ च्या पुरात आमच्या जुन्या घरात तळमजल्याला गंगा (म्हणजे आपली गोदावरी) आली, कंबरेएवढं पाणी, आजोबांच्या रेकॉर्ड्स दोन दिवस गाळात. पाणी ओसरल्यावर काढल्या तर सगळी लेबलं सुटून गेलेली, नुसत्या काळ्या थाळ्या, कुठली कोणाची काही पत्ता नाही. वडील म्हणाले फेकून द्या. पण लाखेला पाण्याने फार काही होत नाही, धुवून वाळवल्या तर वाजत होत्या! मग मी आणि माझा भाऊ दोन महिने टॉर्च घेऊन आकडे वाचत बसलो आणि एकेक ओळख पटवली. आजोबांच्या आवडीच्या हिराबाई बडोदेकर अशाच परत मिळाल्या. ज्या फुटल्या त्या फुटल्या.

तर ताई, माळ्यावरून काढून खाली ठेवताना जमिनीवर नको. आणि आडव्या एकावर एक रचू नका, खालची तडकते.

गोदाकाठची_आई

आज सगळी मंडळी टॉर्च घेऊन बसली होती, सासऱ्यांसकट (चहा घेतला). यादी अशी. डान्सची सात, फॉक्सट्रॉट वगैरे लिहिलंय. क्राइस्लर म्हणून व्हायोलिन दोन. मास्टर कृष्णराव एक, हे त्या कॅम्पातल्या साहेबाच्या खोक्यात कसं आलं देव जाणे, सासरे म्हणतात साहेबाच्या खानसाम्याचं असेल. पियानोच्या चार आहेत, त्यातल्या तीन एकाच माणसाच्या, कोर्टो, लाल लेबल, डीबी. कोरलेल्या आकड्यांच्या शेजारी एक छोटा त्रिकोण आहे. श्नाबेल नाही. मुलगी नाराज झाली.

आणि घरात एलपीचा प्लेअर आहे, यूएसबीवाला, त्यावर लावू का?

जुनी_तबकडी

नाराज होऊ नका म्हणावं!! आल्फ्रेड कोर्टो म्हणजे चुकलेल्या सुरांच्या बाबतीत श्नाबेलचाही मोठा भाऊ. आणि तो त्रिकोण फार छान खूण आहे, म्हणजे वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीने माइक वापरून केलेलं रेकॉर्डिंग, १९२५ नंतरचं. पुढे ईएमआयने स्वतःची पद्धत काढली तेव्हा त्रिकोणाच्या जागी चौकोन आला. गंमत अशी की अमेरिकेत व्हिक्टर कंपनीने विजेवर पियानोचं पहिलं रेकॉर्डिंग केलं ते ह्याच कोर्टोचं, मार्च १९२५, कॅम्डेनला, शोपॅन आणि शुबर्ट. भोंग्यासमोर वर्षानुवर्षं ठोकून वाजवणाऱ्या माणसाला अचानक हळू वाजवायची मुभा मिळाली, कल्पना करा.

एलपीच्या प्लेअरवर तशीच नाही लावायची. एलपीची सुई ह्या खाचेच्या तळाशी जाऊन आपटत राहते, लाखेच्या रेकॉर्डची खाच बरीच जास्त रुंद असते. ७८ ची वेगळी सुई मिळते, तीन मिल (सुईच्या टोकाचं माप) म्हणून मागा, आणि प्लेअरला ७८ चा वेग आहे का बघा, बऱ्याच जणांना ३३ आणि ४५ एवढंच असतं.

अजून एक, मुलीला कामाला लावा. ७८ हा आकडा सगळीकडे लिहिलेला असला तरी जुन्या रेकॉर्ड्स बिनचूक ७८ वर कोरलेल्या असतीलच असं नाही, खासकरून भोंग्याच्या काळातल्या. वेग चारसाडेचार फेऱ्यांनी चुकला की अख्खा अर्धा सूर चढतो किंवा उतरतो. रचना कुठल्या पट्टीत आहे ते पुस्तकात बघायचं, कीबोर्डवर सूर धरायचा आणि वेग जुळवायचा. कान तयार असलेलं माणूस घरात असताना मशीन कशाला.

पंचवटीतला_तबलजी

आणि मास्टर कृष्णरावांची आधी लावा, कोर्टो कुठे पळून जात नाही.

उपनगरचा_पियानोवाला

ताई मुलीला एक प्रयोग सांगा. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावायचं, चार मिनिटांच्या आत बसेल असा तुकडा घ्यायचा, मध्ये थांबायचं नाही, आणि टेक तीनच. तीन झाले की ऐकायचे नाहीत, फोन तुमच्याकडे द्यायचा, आठवड्याने उघडायचा. सरांना पाठवायचा तो त्यातलाच एक, चौथा नाही. मी स्वतः केलंय हे, घाम फुटतो. तिसऱ्या टेकला तर आपलीच बोटं परकी वाटतात.

गोदाकाठची_आई

अपडेट. प्रयोग केला. पहिल्या टेकला दुसऱ्या ओळीतच अडखळली पण थांबली नाही. दुसऱ्याला कुकरची शिट्टी, ती माझी चूक, मान्य. तिसरा बराच चांगला चालला होता, शेवटच्या आठ मात्रा राहिल्या आणि खालून भंगारवाला. चौथा द्या म्हणून रडारड झाली, दिला नाही, फोन माझ्या कपाटात आहे. आठवडा व्हायला अजून तीन दिवस आहेत आणि ती रोज येऊन विचारते की दुसऱ्यात शिट्टी किती मोठी ऐकू येत असेल. सासरे म्हणतात शिट्टीवाला पाठवा, परीक्षकाला निदान भूक लागेल.

कृष्णराव अजून लावले नाहीत कारण सासऱ्यांना आता प्लेअर नको, चावीचा ग्रामोफोन हवाय. त्यांच्या मावशीकडे सिन्नरला एक पडलाय, तो आणलाय, चावी बसते, फिरतो पण. पण सुई एकच आहे, गंजलेली. स्टीलच्या सुया नाशिकमध्ये कुठे मिळतील का? ऑनलाइन मागवल्या तर भलत्याच निघाल्या, शिवणाच्या मशीनच्या.

जुनी_तबकडी

गंजलेली अजिबात लावू नका, कोर्टो खरवडून निघेल. माझ्याकडे दोन डब्या आहेत, एक देतो. बुधवारी बाजाराला गंगेवर येतो मी, सकाळी दहाच्या आत, भांडीवाल्यांच्या रांगेच्या शेवटी. सासऱ्यांना घेऊन या, आणि ती पांढरी झालेली रेकॉर्ड पण आणा, कुठली होती ते तुम्ही अजून सांगितलंच नाहीत.